दावं नव्हे, कासरा

मराठीत जनावरांच्या दोऱ्यांना तोटा नाही. गोठ्यात गाय बांधतात ते दावं. बैलाच्या नाकात वेसण, तोंडावर म्होरकी आणि गाडीवानाच्या हातात कासरा. घोड्याला लगाम, हत्तीला साखळदंड. यातल्या अनेक वस्तूंतून आपण वाक्प्रचारही काढले. खर्चाला वेसण घालतो, जिभेला लगाम लावतो, कोणाच्या तरी दावणीला बांधले जातो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र गळ्यातला पट्टा तेवढा भाषेत आहे. त्या पट्ट्यापासून माणसाच्या हातापर्यंत जे येतं, त्याला स्वतःचं नाव नाही. आमच्या सिन्नरच्या दुकानात कोणी 'साखळी' मागतं, कोणी 'दोरी', कोणी 'बेल्ट', आणि कॉलेजातली पोरं 'लीश'. दुकानदार चौघांनाही एकाच खुंटीवरचा माल काढून दाखवतो.

एखाद्या वस्तूला नाव नसलं की ती आपल्याकडे उशिरा आली असावी, असा तर्क करता येतो. इथे तो अर्धाच खरा आहे.

महादेवाच्या देवळात अभिषेकाला रुद्र म्हणतात. यजुर्वेदातल्या या रुद्राध्यायात कोणाकोणाला नमस्कार केलेला आहे, हे एकदा नीट ऐकावं. सुतार आहेत, रथ करणारे आहेत, कुंभार, लोहार, निषाद, बाण करणारे, शिकारी आहेत. शिकाऱ्यांच्या शेजारीच 'श्वनी' असा एक शब्द येतो. त्याचा अर्थ भाष्यकार कुत्र्यांच्या गळ्यातल्या दोऱ्या हातात धरणारे असा लावतात. त्यानंतर खुद्द कुत्र्यांना आणि त्यांच्या मालकांना वेगळा नमस्कार आहे. म्हणजे कुत्रा, त्याचा मालक आणि त्याची दोरी धरणारा असे तिघे त्या ऋषीला वेगवेगळे दिसत होते. बाराव्या शतकाच्या आसपास सिन्नरात यादवांच्या काळात गोंदेश्वराचं देऊळ उभं राहिलं, तेव्हा हा नमस्कार फार जुना झालेला होता. मराठीत त्या माणसाचं नाव उतरलं नाही आणि त्याच्या हातातल्या दोरीचंही नाही.

जगात ही दोरी त्याहूनही कितीतरी जुनी आहे. सौदी अरेबियाच्या वायव्य भागात शुवैमिस आणि जुब्बा इथल्या खडकांवर शिकारीची चित्रं कोरलेली आहेत. त्यांतल्या काही कुत्र्यांच्या मानेपासून शिकाऱ्याच्या कमरेपर्यंत एक रेघ गेलेली दिसते. २०१७ मध्ये या चित्रांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा संशोधकांनी त्यांचं वय आठ-नऊ हजार वर्षं असावं असा अंदाज दिला. ती रेघ खरी दोरी की नुसती नात्याची खूण, यावर वाद होऊ शकतो. निनवेच्या राजवाड्यातल्या असुरबनिपालाच्या शिकारशिल्पांबद्दल तो नाही. इसवी सनापूर्वी सातव्या शतकातली ही शिल्पं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. दांडगे, जाड मानेचे कुत्रे पुढे ओढताहेत आणि सेवक मागे रेलून दोरी ताणून धरताहेत. पहाटे मोठा कुत्रा घेऊन निघालेल्या कोणालाही ती ताणलेली पाठ ओळखीची वाटेल.

या चित्रांतली दोरी कुत्र्याला फिरवण्यासाठी नव्हती. ती योग्य क्षणी सोडण्यासाठी होती. शिकारीत सावज दिसेपर्यंत कुत्रा थोपवायचा आणि दिसलं की एका झटक्यात मोकळा करायचा. चांगली दोरी म्हणजे घट्ट धरणारी आणि तितक्याच चटकन सुटणारी. दख्खनलाही ही विद्या ठाऊक होती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३०च्या सुमाराला 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत कोश रचला. सिन्नरचे यादव त्या काळी याच चालुक्यांचे मांडलिक होते. राजाच्या करमणुकींमध्ये या ग्रंथात कुत्र्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

त्याहीआधी, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात, कर्नाटकातल्या आतकूर इथे एक वीरगळ उभा राहिला. तक्कोलमच्या लढाईत पराक्रम केलेल्या मनलेर नावाच्या वीराला त्याच्या स्वामीने, गंग राजा बूतुगाने, काय हवं ते माग म्हटलं. त्याने काळी नावाची कुत्री मागून घेतली. पुढे ती रानडुकराशी झुंजली आणि दोघंही मेली. तिच्यासाठी दगड कोरला गेला, जमीन लावून दिली गेली. त्या दगडावर कुत्री आणि डुक्कर आमनेसामने आहेत.

आपल्या गावांमध्ये मात्र कुत्रा शिकारीचा नव्हता, राखणीचा होता. राखणीचा कुत्रा वाड्यावर, खळ्यावर, मेंढरांच्या कळपाभोवती मोकळाच असे. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात, एकाच्याही गळ्यात दोरी नसते. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, आणि त्यांच्या लंगर तोडण्याच्या विधीत लोखंडी साखळी हिसका देऊन तोडायची असते. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या समाधीपाशी त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचं शिल्प आहे. त्याला पालखीचा मान होता असं सांगतात. आपल्या कथांमध्ये कुत्रा एक तर मोकळा, नाही तर थेट पालखीत. माणसाच्या बरोबरीने, दोरीच्या दुसऱ्या टोकाला चालणारा कुत्रा त्यांत सापडत नाही.

तो आला शहराबरोबर, आणि त्याच्या येण्याला रक्ताचा वास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मुंबईत कंपनी सरकार उन्हाळ्याच्या दिवसांत बेवारशी कुत्री मारू देत असे. कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने मारेकरी लोकांच्या घरातली पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. ६ जून १८३२ला, पारशांच्या एका पवित्र दिवशी, याचा स्फोट झाला. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे. अंत्यविधीतही त्याची नजर लागते. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, इतर समाजही त्यात उतरले, किल्ल्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा दाणापाणी अडवला गेला आणि शेवटी फौज बोलवावी लागली. हा दंगा वाचताना मला गळ्यातल्या पट्ट्याचा नवा अर्थ कळतो. शहरात कुत्र्याच्या गळ्यात काही असणं म्हणजे हा कोणाचा तरी आहे, याला मारू नका, एवढं सांगणं. तेव्हापासून दोरी शिकारीची राहिली नाही. ती मालकीचा पुरावा झाली आणि मालकीबरोबर जबाबदारीही आली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यातलं कलम ११ पाहा. अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने जनावर फार वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. कुत्र्याला फिरायला नेणं हा त्याचा हक्क म्हणून कायद्यात लिहिलेला आहे, हे फार थोड्या मालकांना ठाऊक असतं.

सिन्नरला हे सगळं गेल्या काही दशकांत एकदम येऊन पोचलं. औद्योगिक वसाहती आल्या, नव्या कॉलन्या आल्या, नाशिक-पुणे आणि शिर्डीच्या रस्त्यांवरची वाहनं वाढली. मळ्यातला मोकळा कुत्रा प्लॉटवर आला आणि फाटकाच्या आत साखळीला अडकला. माझी भुरी गावठी आहे, वजन पंधरा-सोळा किलो. तिच्यासाठी दोरी घ्यायची वेळ आली तेव्हा मला घरातला कासरा आठवला.

दाव्याचं एक टोक खुंट्याला असतं. खुंटा काही ऐकत नाही. कासऱ्याची दोन्ही टोकं जिवंत असतात. बैलाची मान वळली की हाताला कळतं, हात किंचित सैल झाला की बैलाला कळतं. आजोबा कासरा मुठीत धरत, मनगटाला कधी गुंडाळत नसत. बैल बुजला तर हात जाईल, असं सांगत. कुत्र्याच्या दोरीची सगळी पारख या दोन गोष्टींत येते. दोरीतून दोघांना एकमेकांचं कळलं पाहिजे, आणि संकटात तिने दोघांपैकी कोणालाही इजा करता कामा नये.

म्हणून फिरायला लोखंडी साखळी नको. ती जड असते, हातात धरवत नाही, उन्हात तापते, आणि तिच्या खळखळाटात बारीक इशारा पोचत नाही. बारीक नायलॉनची दोरी स्वस्त मिळते. पण कुत्रा अचानक धावला की ती तळहात सोलून काढते. त्यापेक्षा नवारीसारखी चपटी, विणलेली पट्टी बरी. मोठ्या कुत्र्याला दोनेक सेंटिमीटर रुंद, छोट्याला त्याहून अरुंद. चामड्याची दोरी हाताला सगळ्यांत सुखाची, पण तिला अधूनमधून तेल लागतं आणि पावसात भिजवून चालत नाही. लांबी पाच ते सहा फूट. एवढ्यात कुत्र्याला वास घेत चालता येतं आणि ट्रक आला तर दोन पावलांत जवळ घेता येतं. डबीत गुंडाळली जाणारी दोरी आता सगळीकडे दिसते. ही कल्पना नवी नाही, न्यू यॉर्कच्या मेरी डिलेनी या बाईंनी १९०८ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. मोकळ्या मैदानात ती ठीक आहे. हमरस्त्याच्या कडेला पंधरा फूट पुढे गेलेला कुत्रा हातात असूनही हातात नसतो.

दोरी तुटते ती बहुधा मधे नाही, टोकाला. म्हणून हूक पाहावा. खटका घट्ट बसतो का, त्याखालची कडी गोल फिरते का. फिरली नाही तर दोरीला पीळ पडतो. हूक बेताचा हवा, नाहीतर लहान कुत्र्याच्या जबड्यावर तो आदळत राहतो. मुठीचा फास जिथे शिवलाय तिथे चौकोन करून आत फुली मारलेली शिलाई असावी. गळ्यातल्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत, तिसरं जाऊ नये. ओढणाऱ्या कुत्र्याच्या श्वासनलिकेवर पट्टा रुततो. त्याला छातीवरून जाणारा साज घालावा, म्हणजे ओढ छातीवर येते. आपल्याकडच्या कारवानी कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा फार रुंद नसतं, साधा पट्टा तो मागे सरकून सहज काढतो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेल्या मुधोळ हाउंडचीही हीच गोष्ट. अशा कुत्र्यांना ओढल्यावर थोडा आवळणारा, पण ठरावीक मापाला थांबणारा पट्टा लागतो. नुसता फास मात्र कधीही नको.

हे सगळं मी चोखंदळपणासाठी सांगत नाही. आमच्या तालुक्यात दावं की कासरा हा प्रश्न जिवावरचा आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यात ८७ टक्के वाटा पाळीव आणि माणसाच्या आसऱ्याने राहणाऱ्या प्राण्यांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. उसात राहणारा बिबट्या रात्री वस्तीवर येतो तो बहुतेकदा कुत्र्यासाठी. मोकळ्या कुत्र्याला निदान पळता येतं. ओसरीच्या खांबाला साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तेवढंही नाही. राखणीला म्हणून बांधलेला कुत्रा बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट होतो. म्हणून रात्री कुत्रा दाराच्या आत असावा, आणि पहाटे अंधारात उसाच्या कडेने त्याला फिरायला नेऊ नये. दोरी कितीही चांगली असली तरी.

हिमालयातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या मान धरतो. २०२५च्या नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. शेतात राबणाऱ्या बाया-बापड्यांनी स्वतःच्या गळ्यात तसेच खिळ्यांचे पट्टे घातले होते. एकाच मातीत, एकाच जनावराच्या भीतीखाली माणूस आणि कुत्रा राहतात, हे त्या छायाचित्रांइतकं उघड मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

आमच्या दुकानदाराला मी हल्ली 'कुत्र्याचा कासरा द्या' असं म्हणतो. पहिल्यांदा तो हसला होता. आता मळ्यातून येणारं कोणी साखळी मागितली की तो आधी विचारतो, बांधायला पाहिजे का फिरवायला?