चाप ओढल्यानंतर

१९९० नंतरच्या काही वर्षांत उल्हासनगरच्या बाजारात व्हिडिओ गेमचे स्वस्त संच मिळू लागले. मूळ जपानी संचाची ती नक्कल असे. खोक्यात दोन हातयंत्रे, एक कॅसेट आणि प्लास्टिकची एक बंदूक. आम्ही तेव्हा अंबरनाथला शाळेत होतो. गवतातून बदके उडत, आम्ही टीव्हीवर बंदूक रोखून चाप ओढायचो आणि बदक खाली पडायचे. शेजारचे काका आयुधनिर्माणीत कामाला होते. काडतुसांच्या पितळेशी त्यांचा रोजचा संबंध. त्यांनी एकदा ती बंदूक उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "अरे, यातून काही सुटतच नाही, मग बदक पडतं कसं?" आम्हाला उत्तर देता आले नाही. प्रश्न मात्र चांगला होता.

शिकारीच्या यांत्रिक खेळांचा इतिहास याच प्रश्नापाशी सुरू होतो. १९३६ साली अमेरिकेतील सीबर्ग कंपनीने 'रे-ओ-लाइट' नावाचा बदक मारण्याचा खेळ काढला. त्यात बंदुकीतून प्रकाशाची तिरीप सुटे आणि बदकात बसवलेल्या प्रकाशनळीवर ती पडली की बदक 'मरे'. पुढे १९७० साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने याच तत्त्वावर खेळणे बनवले. बदकातल्या नळीच्या जागी आता सौर घट आला होता. १९७३ मध्ये त्यांनी ओस पडलेल्या बोलिंगच्या दालनांत प्रकाशाने चकत्या टिपण्याचे मोठे खेळही बसवले. बंदूक प्रकाश सोडते आणि सावज तो घेते, अशी ही सरळ मांडणी.

टीव्हीच्या पडद्याला ही मांडणी चालत नाही. पडद्यावरच्या बदकात सौर घट कसा बसवणार? म्हणून १९८४ च्या 'डक हंट' या खेळात सारे उलटे केलेले होते. तिथे प्रकाश सोडते ते बदक आणि घेते ती बंदूक! चाप ओढताच पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो. पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटतो. हे सारे सेकंदाच्या काही साठांशात उरकते, डोळ्याला फक्त एक लुकलुक जाणवते. बंदुकीच्या नळीत भिंग आणि प्रकाशसंवेदक असतो. आधी अंधार आणि मग उजेड असा क्रम त्याला दिसला तर नेम लागला. कोणी लबाडीने दिव्यावर बंदूक रोखली तर काळ्या पडद्याच्या वेळीही उजेड दिसतो आणि चोरी पकडली जाते. बदके दोन असतील तर चौकोन एकामागून एक दाखवतात आणि उजेड कितव्या चित्रात दिसला त्यावरून कोणते बदक पडले ते ठरते. उजेड घेणारी अशी बंदूक मुळात खेळासाठी झालेली नव्हती. १९५० च्या दशकात अमेरिकेतील 'व्हर्लविंड' संगणकाच्या पडद्यावर रडारचे ठिपके दिसत आणि त्यांतला नेमका ठिपका निवडण्यासाठी ती वापरत.

(दृष्टीविषयी प्राचीन काळी असाच वाद होता. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडतात, असे युक्लिड मानत असे. अकराव्या शतकात इब्न अल्-हैथमने प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो हे पटवून दिले. वर्गात हा धडा शिकवताना बदकांची बंदूक उदाहरण म्हणून उपयोगी पडावी.)

या मांडणीत एक मोठी गोष्ट मात्र गळून गेली, ती म्हणजे वेळ. चाप ओढणे आणि सावज पडणे यांमध्ये काही घडतच नाही. गोळीला प्रवास नाही आणि जनावराला शरीर नाही. बदकाच्या कुठल्या भागावर नेम धरला याला काही अर्थच उरत नाही. संगणक वेगवान झाले तसे खेळ करणाऱ्यांनी ही उणीव भरायला घेतली. १९९७ साली 'डियर हंटर' आला. २०१७ च्या 'द हंटर : कॉल ऑफ द वाइल्ड' या खेळात तर हरणाच्या आत हृदय, फुप्फुसे, यकृत असे अवयव आखलेले आहेत आणि शिकारीनंतर गोळी कशातून गेली तेही दाखवतात.

गंमत अशी की खेळणाऱ्यांची तक्रार इथूनच वाढली. "नेम बरोबर खांद्यामागे धरला होता, तरी जनावर पळाले, हा खेळ खरा वाटत नाही," असे आमच्या ओळखीचे एक विद्यार्थी वैतागून सांगत होते. आम्ही त्यांच्यासमोर कागद घेऊन बसलो. हरीण आडवे उभे असेल तर पुढच्या पायामागून गेलेली गोळी छातीत शिरते. तेच हरीण तिरके उभे असेल तर कातडीवरच्या त्याच बिंदूतून शिरलेली गोळी निराळ्या अवयवात जाते. नेम कातडीवर धरायचा नसतो, आतल्या अवयवावर धरायचा असतो. दुसरे म्हणजे हृदयाला गोळी लागली तरी मेंदूतला प्राणवायू काही सेकंद पुरतो. सेकंदाला १० मीटर धावणारे हरीण तेवढ्यात पाऊणशे-शंभर मीटर सहज जाते. म्हणजे तक्रारीतला निम्मा 'खोटेपणा' हाच खरा होता. गेमचे इतर दोष आम्ही नाकारत नाही, पण हा त्यांतला नव्हे.

आता खेळ बाजूला ठेवून आपल्या गावाकडे येऊ. बदलापूरच्या पलीकडे बारवी धरणाभोवती जंगल आहे आणि या साऱ्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे. जानेवारी २०१९ मध्ये उल्हासनगरच्या वस्तीत बिबट्या शिरला, नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला. दोन्ही वेळा त्यांना भूल देऊन पकडण्यात आले. अशा वेळी जमलेली गर्दी "मारा ना लवकर" असे ओरडते आणि सुई लागूनही जनावर उभेच राहिले की नेम चुकला असे समजते. ही अपेक्षा डक हंटची आहे.

ब्रिटिश अमदानीत बिबट्या मारणाऱ्याला बक्षीस मिळे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चित्र पालटले. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि पकडणे, भूल देणे वा हलवणे शक्य नसेल तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. म्हणून बंदूक असते ती भुलीची. तिचा इतिहासही फार जुना नाही. १९५० च्या दशकात न्यूझीलंडचे औषधनिर्माते कॉलिन मर्डॉक यांनी आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत जॉर्जियातील संशोधकांनी अशा बंदुका घडवल्या. जॉर्जियात सुरुवातीच्या काळात औषध म्हणून निकोटिन वापरले. भूल देणारी मात्रा आणि प्राण घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडे, त्यामुळे ते धोक्याचे होते. १९६२ मध्ये केटामिन आणि झायलाझिन ही दोन्ही औषधे तयार झाली आणि त्यांची जोडी मोठ्या मांजरांसाठी रूढ झाली.

या सुईचा नेम गोळीच्या नेमाहून अवघड आहे. फळ्यावर करून पाहता येईल असे गणित देतो, हवेचा विरोध सोडून. गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर धरला तर २० मीटर जायला तिला पाव दशांश सेकंद, म्हणजे ०.०२५ सेकंद लागतो. s = ½gt² या सूत्राने ती तेवढ्या वेळात जेमतेम ३ मिलिमीटर खाली येते. सुईचा वेग समजा ६० मीटर. तिला एक तृतीयांश सेकंद लागतो आणि ती ५४ सेंटिमीटर खाली येते! म्हणजे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी सुई पोटाखालून जाणार. वेग वाढवावा तर सुई हाडापर्यंत घुसून इजा होते. शिवाय ती मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूतच लागायला हवी. चरबीत गेली तर औषध हळू शोषले जाते, छातीत वा पोटात गेली तर जिवावर बेतते. म्हणजे शिकारी जिथे नेम धरतो नेमके तेच ठिकाण इथे टाळायचे असते.

आणि मग वाट पाहायची. औषध स्नायूतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोहोचायला काही मिनिटे लागतात. मात्रा वजनावर ठरते आणि वजन लांबून अंदाजाने ठरवावे लागते. जनावर बिथरलेले असेल तर तीच मात्रा अपुरी पडते, मग दुसरी सुई. गर्दीचा आरडाओरडा, फटाके, मोबाइलचे दिवे यांनी जनावर बिथरते ते याच मिनिटांत, आणि अर्धवट भुलीत ते उठून धावले तर पशुवैद्यकाला, जमलेल्या लोकांना आणि त्याला स्वतःलाही धोका. केटामिनच्या भुलीत डोळे उघडेच राहतात. म्हणून जवळ जाणारा माणूस आधी लांब काठीने हलवून पाहतो आणि हालचाल नसेल तर पहिले काम करतो ते बिबट्याच्या डोळ्यांवर कापड टाकण्याचे.