परवा, येतो आणि मुंगूस : इंग्रजी शिकणाऱ्याच्या प्रश्नांचा इतिहास

बेंगळूरच्या उत्तरेकडील येलहंका हे मूळ शहराहून जुने ठाणे. येथील नाडप्रभू घराण्यातील केंपेगौडा यांनी 1537 मध्ये बेंगळूरची पेठ वसविली, असे परंपरा सांगते. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, 1638 मध्ये, विजापूरच्या फौजांनी हा मुलूख जिंकला आणि बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त संस्कृताबरोबर इतर अनेक भाषांतील रचना आढळतात. तेव्हा 'आमच्या बोलीत याला काय म्हणावे?' हा प्रश्न येथील मराठी माणसाला इंग्रजी येण्याच्या कितीतरी आधीपासून परिचयाचा होता.

इंग्रजीच्या बाबतीत मात्र पहिले विद्यार्थी आपण नव्हतो, हे पालकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. मुंबई इलाख्याच्या सैन्यातील मोल्सवर्थ हा अधिकारी मराठी शिकू लागला आणि शास्त्रीपंडितांना शब्दाशब्दाविषयी विचारू लागला. हा शब्द कोण वापरतो, शिष्ट की ग्रामीण? कोकणात की देशावर? त्या चौकशीतून कँडी बंधूंच्या साहाय्याने 1831 मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला; 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. परकी माणसाच्या शंकांना पंडितांनी अज्ञान मानले असते, तर मराठीचा हा ठेवा हाती लागला नसता.

पुढे बाजू पालटली. मोल्सवर्थने आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीने 1847 मध्ये पूर्ण केला आणि शंका विचारण्याची पाळी मराठी मुलांवर आली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करावयास शिकविले. या पद्धतीचे ऋण मोठे आहे. घरी इंग्रजीचे वारेही नसलेली मुले तिच्या बळावर मॅट्रिक झाली. पण नित्याच्या बोलण्यापाशी ती अडे. 'माझे डोके दुखते' म्हणणाऱ्या मुलाला इंग्रज डोकेदुखी 'जवळ बाळगतो' हे चमत्कारिक वाटे. 'यू' या एका शब्दात तू, तुम्ही आणि आपण कसे मावतात? मावशी, आत्या, काकू, मामी या चौघींना एकच 'आंट' कशी पुरते? उलट 'परवा' म्हणजे गेलेला की येणारा, हे आपण क्रियापदावरून ओळखतो. इंग्रजीला तेथे दोन लांबलचक शब्दप्रयोग लागतात. असे विचारणाऱ्या मुलाला 'पाठ कर' म्हणून खाली बसविण्याचा प्रघात अनेक वर्गांत होता. तो मुलगा पुन्हा हात वर करीत नसे, आणि पुढे मुलाखतीत त्याची वाचा बसे. मराठी माध्यमावर ठेवला जाणारा ठपका बहुधा या मौनाचा आहे.

एक शंका तर फारच मार्मिक आहे. 'गूस'चे अनेकवचन 'गीस' होते, मग 'मंगूस'चे 'मंगीस' का होत नाही? याचे उत्तर इंग्रजी व्याकरणात शोधून उपयोग नाही. हंसाशी त्या प्राण्याचे काहीही नाते नाही. हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत नोंदला गेला तो आपल्या मुंगसावरून. म्हणून त्याला साधा 'एस' लागतो. हे कळल्यावर ज्या मुलाचा चेहरा उजळत नाही, असा मूल विरळा.

आज येलहंक्याला हवाई दलाचा तळ आहे, रेल्वेच्या चाकांचा कारखाना आहे. अशा गावात बदलीने आलेल्या मराठी घरातील मूल घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि वर्गात इंग्रजी बोलते. निघताना ते 'येतो' म्हणते. त्याचे शब्दशः इंग्रजी केले, तर ऐकणारा दाराशी वाट पाहत उभा राहील. शेजारच्या कन्नड आजींना मात्र काहीच समजावून सांगावे लागत नाही. त्यांच्याही तोंडी निरोपाचे शब्द 'होगि बर्तीनि', म्हणजे 'जाऊन येते', असेच असतात.