लढाई संपल्यावरची आगगाडी

शाळेत इतिहास शिकविताना युद्धाचा धडा तहाच्या तारखेपाशी संपतो. तहाची कलमे पाठ झाली की विद्यार्थी वही मिटतो आणि शिक्षकही पुढच्या धड्याकडे वळतो. परंतु ज्याने ते युद्ध अंगावर झेलले, त्या शिपायाची हकीकत तेथे संपत नाही. त्याचे घर अद्याप शेकडो कोस दूर असते. सैन्य जमविणे जितके कठीण, तितकेच ते सुखरूप घरी पोहोचविणेही कठीण. आणि त्या कामी हयगय झाली तर पदरात पडलेली शांतताही डळमळू लागते. इतिहासातील दोन उदाहरणांवरून हे चांगले ध्यानात येते.

पहिले उदाहरण अमेरिकेतील यादवी युद्धाचे. दक्षिणेचा सेनापती ली याने ९ एप्रिल १८६५ रोजी शरणागती पत्करली. त्या वर्षीच्या १ मे रोजी उत्तरेच्या सैन्यात १०,३४,०६४ स्वयंसैनिक होते. २३ व २४ मे रोजी वॉशिंग्टनच्या राजरस्त्यावरून विजयी सेनेचे संचलन झाले. पण खरे कसोटीचे काम त्यानंतरचे होते. राजधानीभोवती तळ देऊन राहिलेले हे लोक आता घराची वाट पाहत होते.

सरकारने १५ मे रोजीच त्याची पद्धत ठरवून दिली होती. प्रत्येक पलटणीचे हजेरीपट व हिशेब छावणीतच पुरे करावयाचे. पलटण फोडावयाची नाही. ती आपल्या अंमलदारांसह आगगाडीने स्वतःच्या राज्यात पोहोचवावयाची, आणि शेवटचा पगार तेथे चुकता करावयाचा. ह्या व्यवस्थेत मोठे शहाणपण होते. खिशात पैसा आणि डोक्यावर कोणी नाही, अशा स्थितीत वाटेतल्या शहरांतून विखुरलेला शिपाई लुबाडला जावयास कितीसा वेळ लागतो?

२७ मे ते ६ जुलै ह्या सुमारे चाळीस दिवसांत वॉशिंग्टनहून निघणाऱ्या एका रेल्वे शाखेने २,३३,२०० माणसे, १२,८३८ घोडे आणि ४३,००,८५० पौंड सामान बाहेर काढले. म्हणजे दररोज सरासरी ५,८०० माणसे झाली! पश्चिमेकडील पलटणी गाडीने ओहायो नदीकाठच्या पार्कर्सबर्गपर्यंत जात आणि तेथून आगबोटीने पुढे. कित्येकांच्या वाट्याला मालगाडीचे डबे आले. पण गाडीचे तोंड घराकडे असले म्हणजे डब्याची तक्रार कोण करतो? ७ ऑगस्टपर्यंत ६,४०,८०६ आणि १५ नोव्हेंबरपर्यंत ८,००,९६३ स्वयंसैनिक सेवामुक्त झाले. ज्या काही घोडदळ पलटणींना मात्र घरी न धाडता पश्चिम सरहद्दीकडे पाठविले, त्यांच्यात असंतोष उसळल्यावाचून राहिला नाही.

दुसरे उदाहरण ह्याच्या अगदी उलट आहे. रशिया व जपान ह्यांच्यातील युद्ध ५ सप्टेंबर १९०५ च्या पोर्ट्समथच्या तहाने संपले. मांचुरियात रशियाचे लक्षावधी शिपाई अडकलेले होते. त्यांतील पुष्कळसे शेतकरी कुटुंबांतील, घरसंसार सोडून आलेले राखीव शिपाई होते. परतीचा मार्ग काय तो एकच, सैबेरियातून जाणारा लोहमार्ग. तोही बहुतांशी एकेरी, आणि हार्बिनपासून मॉस्कोपर्यंत सात हजार किलोमीटरांहून अधिक लांब. एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत ह्या गाडीने स्टेशनात तिष्ठत उभे राहावयाचे, असा प्रकार.

त्यात ऑक्टोबरमध्ये रशियाभर रेल्वे कामगारांचा संप झाला. लढाई संपली, तरी आपणास सोडीत का नाहीत, हे शिपायाला कळेना. नोव्हेंबरमध्ये व्लादिवोस्तोक येथे शिपाई व खलाशी ह्यांनी दंगा केला आणि शहराचा बराच भाग जळाला. अडकून पडलेल्या शिपायाला दुखविणे किती धोक्याचे, हे संपकऱ्यांनीही ओळखले. डिसेंबरमध्ये मॉस्कोत पुन्हा संप झाला, तेव्हा मांचुरियाहून शिपाई आणणाऱ्या गाड्या त्यातून वगळण्यात आल्या. अखेर १९०६ च्या आरंभी पश्चिमेकडून मेलर-झाकोमेल्स्की आणि पूर्वेकडून रेनेनकाम्फ हे दोन सेनानी शस्त्रसज्ज गाड्या घेऊन निघाले. त्यांनी वाटेतील स्टेशनांवर माणसांना गोळ्या घालीत तो मार्ग सरकारच्या ताब्यात आणला. ज्या रुळांवरून शिपायांनी घरी जावयाचे, त्याच रुळांवर रक्त सांडले.

ह्या परदेशी हकीकतींशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. महाराष्ट्रातील कित्येक गावांत भिंतीत बसविलेला एक दगड आढळतो. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात ह्या गावातून इतके लोक गेले व इतके कामी आले, असे दोन आकडे त्यावर कोरलेले असतात. परत आले किती, हे दगड सांगत नाही. ते आपण वजाबाकीने काढावयाचे. तोफा १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये थांबल्या, तरी कित्येक भारतीय पलटणी इराकातच राहिल्या आणि १९२० साली तेथील उठावात त्यांना पुन्हा लढावे लागले. त्या वजाबाकीतील माणसे केव्हा बोटीतून उतरली, कोणत्या स्टेशनावर गाडी सोडून गावाकडे पायी चालू लागली, हे आज कोण सांगणार?

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींना माझी नम्र विनंती आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुन्या ट्रंकेत एखादे पदक, पेन्शनचा कागद किंवा पलटणीतून सुटल्याचा दाखला असेल, त्यांनी त्यावरील नाव, पलटण आणि तारीख आपल्या कुळवृत्तांतात अवश्य नोंदवावी. जे गेले त्यांची नावे दगडाने सांभाळली नसली, तरी आकडा सांभाळला. जे परत आले आणि मुकाट्याने पुन्हा नांगराला लागले, त्यांची नोंद ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे.