शिडाच्या जहाजावरचा हिवाळा

१५ फेब्रुवारी १८८२ रोजी न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून ‘डनेडिन’ हे शिडाचे जहाज लंडनकडे निघाले. पोटात मेंढ्या-कोकरांची ४,९००हून अधिक गोठवलेली धडे होती. जहाज वाऱ्यावर चालणार होते. थंडी मात्र कोळशावर, रोज सुमारे ३ टन!

यंत्र होते बेल-कोलमन पद्धतीचे. त्यात हवा दाबली जाई, दाबाने तापलेली ती हवा पाण्याने निववली जाई आणि मग तिला प्रसरण पावू दिले जाई. प्रसरताना ती कडाक्याची थंड होई. अमोनियासारखा विषारी वायू नसल्याने गळती झालीच, तर ती साध्या हवेची. कोळशाची भूक मात्र अफाट. शिवाय धुराड्याच्या ठिणग्या आणि वर कापडाची शिडे, हा शेजार काही सुखाचा नव्हता. डिसेंबरमध्ये माल भरतानाच यंत्राचा मुख्य दांडा मोडला होता आणि भरलेले मांस उतरवावे लागले होते.

पुढे उष्ण कटिबंधात वारा पडला. जहाज रेंगाळले आणि कोठारात थंड हवा नीट खेळेना. तेव्हा कप्तान जॉन व्हिटसन स्वतः आत सरपटत गेला आणि हवेसाठी करवतीने नवी भोके पाडू लागला. तो तिथेच गारठून निपचित पडला. खलाशांनी दोर बांधून त्याला बाहेर ओढले, तेव्हा तो शुद्धीवर आला. या सफरीचे श्रेय सहसा यंत्राला दिले जाते. त्यातला काही वाटा त्या करवतीचाही मानायला हवा.

९८ दिवसांनी लंडन आले. एवढ्या मालातून अवघे एक धड नाकारले गेले.

१८९० मध्ये ओमारूहून लंडनला निघालेले ‘डनेडिन’ मात्र कोणत्याच बंदराला लागले नाही.