पाडव्याच्या आत मालवण

आधी पायांतले बूट काढा. मोबाईल खिशात राहिला तरी चालेल, पण त्याच्याकडे बघू नका. इथे त्याला रेंज मिळायला अजून चाळीसएक वर्षं जायचीयत. अंगात मळखाऊ सदरा, खाली लेंगा, डोक्यावर काळी टोपी. उजव्या हातात पत्र्याची ट्रंक, डाव्या काखेत वळकटी आणि गळ्यात अडकवलेली मोठी कापडी पिशवी. तिच्यात तुमचं स्वतःचं काहीच नाही, पण जिवापेक्षा तीच जास्त जपायची आहे. का, ते पुढे कळेल. तूर्त ढकला. भाऊच्या धक्क्यावर ढकलल्याशिवाय कोणी कोणाला पुढे जाऊ देत नाही.

साल विचारू नका. १९५० उलटून काही वर्षं झालीत, एवढं पुरे. पावसाळ्यात बंद पडलेली बोट पुन्हा सुरू झाली आहे, उद्या दिवाळीचा पहिला दिवस, आणि गिरणगावातला निम्मा मालवण तालुका आत्ता तुमच्या पाठीवर रेलून उभा आहे. कोळशाचा धूर, ओले दोर, कोणाच्या तरी डोक्यावरचं खोबरेल, ट्रंकेतून झिरपणारा चंदनी साबणाचा वास. फळीवरून वर चढताना खाली बघू नका. खलाशी ओरडतोय तो तुमच्यावर नाही, सगळ्यांवरच ओरडतोय.

वर आलात? आता धावा आणि चटई पसरा. डेकच्या प्रवाशाला बाकडं नसतं; जेवढ्या जागेवर चटई पडेल तेवढी त्याची इस्टेट. वरच्या डेकवर लोखंड तापलेलं, खालच्या डेकवर इंजिनाची धग आणि तेलाचा कोंदट वास. वरच थांबा. शेजारच्या कुटुंबाने तुमच्या चटईवर त्यांचं पोर सरकवलं आहे. त्याला तिथेच राहू द्या. रात्री तेच तुमच्या कुशीत झोपणार आहे.

भोंगा वाजतो आणि तुम्ही ताडकन उठून उभे राहता. वर्षभर भोंगा म्हणजे गिरणीचा, पाळीचा, फाटक बंद व्हायच्या आत पोचण्याचा. शेजारचा म्हातारा पान चघळत हसतो, "बस रे झिला. ह्यो कामाचो भोंगो न्हय, ह्यो घराकडचो."

मुंबई मागे पडते. ऊन चढतं. आणि मग लाटेच्या एका लांब हेलकाव्यासरशी अर्ध्या डेकला बोट लागते. बोट लागणं ज्याने सोसलं नाही, त्याला ते समजावून सांगता येत नाही. लिंबू हुंगा, तोंडात आवळकाठी धरा, क्षितिजाकडे बघा आणि शेजाऱ्याच्या बालदीकडे अजिबात बघू नका. पाणी जरा उसळलं की बायका गप्प होतात, आणि कोणीतरी 'रामदास'चं नाव काढतंच. १७ जुलै १९४७ला ती बोट रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यांच्यातल्या कोणाला ना कोणाला ओळखणारा माणूस प्रत्येक डेकवर असतो. म्हातारा हात जोडून रामेश्वराचं नाव घेतो आणि विषय बदलतो.

हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी. प्रत्येक बंदराला बोट लांबच उभी राहते, काळोखातून कंदील लावलेले पडाव येतात, हाकांचा गदारोळ होतो, माणसं उतरतात, चटयांच्या इस्टेटी रुंदावतात. रत्नागिरीनंतर तुम्हाला पाय लांब करता येतात. आज चांदणं नाही. पाय लांब झाले की वर्ष आठवतं.

ह्याच बोटीने तुम्ही उलट दिशेने गेला होतात. तेव्हा मुंबईत तुम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं, असं म्हणायची पद्धत आहे, पण ते खरं नाही. धक्क्यावर गावचा एक माणूस उभा होता. रात्रपाळी करून, न झोपता. त्याने तुम्हाला लालबागला गावकीच्या खोलीत नेलं. एक खोली, भिंतीला ओळीने टांगलेल्या ट्रंका, आणि राहणारी माणसं इतकी की सगळी एकदम कधी झोपूच शकत नाहीत. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या गरम चटईवर रात्रपाळीवाला पडतो. तुम्हाला जागा कोणी दिली? दिली नाही कोणीच. सगळ्यांनी थोडं थोडं अंग चोरलं.

मग रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर बदली म्हणून उभं राहणं. कोणी गैरहजर असेल तर काम, नसेल तर परत. पहिल्यांदा आत घेतलं ते साचाखात्यात. घामट दमट हवा, नाकात कापसाचे तंतू आणि शेकडो साच्यांचा असा खडखडाट की शेजारी उभ्या माणसाचा शब्द कानापर्यंत पोचत नाही. तिथे ओठ वाचून बोलतात. साच्यावरच्या जुन्या माणसाने तुमचा तुटलेला धागा न रागावता जोडून दिला, पुन्हा जोडून दिला, आणि पुन्हा.

पावसाळ्यात ताप आला तेव्हा काम बंद, पैसे बंद. खानावळवालीने उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा पोराच्या हाती खोलीवर पाठवला. तिच्या वहीत तुमच्या नावापुढे त्या दिवसांचे खाडे मांडलेले दिसले. म्हणजे तिच्या हिशेबाने त्या दिवसांत तुम्ही जेवलाच नव्हता. तिला सगळे आक्का म्हणतात. तिचं खरं नाव तुम्हाला आजही ठाऊक नाही.

उठा. देवगड कधीच गेलं. पूर्वेकडचं आभाळ राखाडी होतंय आणि समोर पाण्यातून सिंधुदुर्गाचा तट वर आला आहे. डेकवरचे सगळे एकाच बाजूला धावतात, बोट कलते, सारंग शिव्या घालतो. मालवणच्या पाण्यात जागोजाग खडक. वाट ठाऊक असलेला तांडेलच पडाव आत नेऊ शकतो. शिडीच्या शेवटच्या पायरीवर थांबा. पडाव लाटेबरोबर वर येईल, तेव्हा दोन काळे दणकट हात तुमच्या काखेत शिरतील आणि तुम्हाला विचारण्याआधीच तुम्ही पडावात असाल. ट्रंक मागाहून येते. पिशवी सोडू नका!

किनाऱ्याची पहिली झुळूक आली? ओली वाळू, सुकत घातलेली मासळी, आणि तिच्यामागे वायरीच्या बाजूने कापलेल्या भाताचा गोड वास. चार पावलं टाकून बघा. वर्षभर फरशीवर चाललेले पाय वाळूत रुततात, अडखळतात. तुम्हाला न्यायला आलेल्या पुतण्याला ह्याचं फार हसू येतं.

आज चावदिस, म्हणजे नरकचतुर्दशी. घरातल्यांची आंघोळ उरकली आहे, पण तुळशीपुढे एक कारीट तुमच्यासाठी राखून ठेवलंय. डाव्या पायाच्या अंगठ्याने ते फोडा, गोविंदा म्हणा, रस जिभेला लावा. कडू आहे, तोंड वाकडं करा, सगळेच करतात. आत चुलीपाशी नव्या भाताचे पोहे वाट बघतायत: गुळाचे, दुधातले, ताकातले, तिखट. प्रत्येक प्रकार घ्यावा लागतो. नकार चालत नाही.

"इलंस रे झिला? वाळलंस किती!" आई म्हणते. तुम्ही उत्तर देता आणि ती दचकते. "इतक्या मोठ्यान कित्याक बोलतंस? मी काय भयरी आसंय?" तुम्हाला कळतच नाही की तुम्ही ओरडताय. साच्यांनी तुमचा आवाज बदललाय. आणखी काय काय बदललंय ते ती दिवसभर चोरून बघत राहील. तुम्ही बसल्या जागी डुलक्या घेता, ताट पटकन संपवता, विहिरीवर पाणी मोजून वापरता.

आता ती पिशवी. निघायच्या रात्री खोलीतल्या प्रत्येकाने तिच्यात काही ना काही टाकलं होतं: साबणाची वडी, बॅटरी, गिरणीच्या कापडाचा तुकडा, माहीमचा हलवा, फडक्यात बांधलेल्या नोटा. ज्यांना रजा मिळाली नाही त्यांची दिवाळी तुमच्या गळ्यात आहे. दुपारी निघा. दांडी, धुरीवाडा, देऊळवाडा, कुंभारमाठ. प्रत्येक घरात पुन्हा पोहे, पुन्हा चहा, आणि पुन्हा तोच प्रश्न: "बरो आसा मा आमचो?"

इथे जरा जपून. धुरीवाड्यातल्या म्हातारीच्या मुलाला रात्रभर खोकला येतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्याच चटईशेजारी तुम्ही झोपता. म्हातारी साबणाची वडी नाकाशी धरते आणि मग तुमच्या गालावरून हात फिरवते. तो हात तुमच्यासाठी नाही. तरी हलू नका. "बरो आसा. थोडो जाडो झालो," असं सांगा. माझ्या मते ह्या खोट्याला पाप लागत नाही. लागलंच तर ते खोलीतल्या सगळ्यांनी वाटून घ्यावं.

पाडव्याला दुपारी सगळं मालवण देऊळवाड्याकडे चालू लागतं. सकाळी गुरांच्या गळ्यात झेंडूच्या माळा पडल्या आहेत आणि त्यातली एक माळ एका रेड्याने खाल्ली आहे. रामेश्वर आणि नारायणाची पालखी आज देवळाबाहेर पडणार. ढोल, ताशे, ऊद, घामेजलेले खांदे, आणि बायकांच्या वेण्यांतल्या अबोलीचा वास नसलेला पण डोळ्यांत भरणारा रंग. पालखी हलण्याआधी गाऱ्हाणं. तुमचा नारळ पुढे करा. गाऱ्हाणं घालणारा विचारतो, काय सांगायचं? तुम्ही गोंधळता. त्याच्या कानात चार शब्द सांगता. तो मान डोलवतो आणि आवाज लावतो:

"बा देवा रामेश्वरा, नारायणा! ह्या तुझ्या लेकरान आज नारळ ठेवल्यान हा. पोटासाठी मुंबैक गेलो, सालभर रवलो, धडधाकट परत इलो."

"व्हय म्हाराजा!" शेकडो गळे.

"ज्यांनी ज्यांनी तेका हात दिल्यानी, त्यांचाय भला कर!"

"व्हय म्हाराजा!"

"लालबागच्या आक्काचाय भला कर!"

"व्हय म्हाराजा!"

आक्का कोण, हे ओरडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांना त्याची गरजही नाही. ती ह्या वेळी लालबागला कोणाची तरी भाकरी थापत असेल.

पालखी निघाली. चालत राहा. वायरी, मग दांडीची वाळू, जिथे मोरयाच्या धोंड्यापाशी १६६४ साली सिंधुदुर्गाची मुहूर्तमेढ रोवली गेली. किल्ला समोर, अनवाणी पाय ओल्या वाळूत, आणि आता ते अडखळत नाहीत. अंधार पडता पडता पालखी बाजारपेठेत पोचते. पेट्रोमॅक्स सूं सूं करतायत, दुकानांच्या ओट्यांवर पणत्या, खाज्याचे ढीग, आल्याच्या पाकाचा तिखट वास, पोरांच्या हातात फटाके. गर्दी तुम्हाला एका बाकड्यावर आदळते.

तिथे एक शेतकरी बसला आहे, शेजारी त्याचा मुलगा. मिसरूड फुटायचंय. बाप तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो, टोपी, सदरा, मनगटावरचं नवं घड्याळ.

"कोणच्या गिरणीत?"

तुम्ही सांगता. आवाज हळू ठेवून.

"ह्येका घेवन जातलास? पुढच्या बोटीक. हुशार आसा, चार बुकां शिकलो हा."

मुलगा तुमच्या घड्याळाकडे बघतोय. तुम्ही मनातल्या मनात खोलीतल्या चटया मोजू लागता. खोकल्यावाल्याला रात्रपाळी लागली तर दारापाशी दीड हात जागा होईल. ट्रंक भिंतीला टांगता येईल, खिळा मात्र नवा लागेल. आणि आक्काला आधी पत्र टाकलेलं बरं.

"पोवाक येता?" तुम्ही मुलाला विचारता.

"येता."

"मग बोट लागाची नाय," तुम्ही म्हणता. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मागच्या वर्षी तुम्हालाही कोणीतरी असंच सांगितलं होतं.