गुणतालिकेतील खालची ओळ



होमिओपॅथीच्या डॉक्टराने साहित्य सभेत इंग्लंडच्या फुटबॉलवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण माझा दवाखाना इंदूरच्या गिरणीभागात आहे. गिरण्यांची अखेरची वर्षे मी तिथे बसून पाहिली. भोंगे थांबले, तेव्हा माझ्याकडे येणाऱ्यांची तक्रार एकच असे : झोप लागत नाही. गिरणी गेल्यावर गावाजवळ स्वतःचे म्हणून काय उरते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात राहिला. त्याचे एक उत्तर मला लँकेशायरच्या फुटबॉल क्लबांच्या इतिहासात सापडले.

लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. अमेरिकेतील यादवी युद्धात तिथला कापूस तुटला, तेव्हा मुंबई बंदरातून गेलेल्या कापसावर या गिरण्यांनी दिवस काढले. १८५० च्या कारखाना कायद्याने स्त्रिया व किशोरवयीन कामगारांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्याने पुरुषांनाही सुटी मिळाली. या मोकळ्या दुपारीत फुटबॉल वाढला. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक या विणकर-कामगारांच्या संघाने ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात हरवले. दोन वर्षांनी खेळाडूंना उघडपणे वेतन देण्यास मान्यता मिळाली.

वेतन आले आणि अडचणही आली. पगार दर आठवड्याला द्यायचा, पण सामने मात्र भरवशाचे नाहीत. ठरलेला सामना ऐनवेळी रद्द झाला की तिकिटांचे उत्पन्न बुडे. बर्मिंगहॅममधील कापड दुकानदार आणि ॲस्टन व्हिला क्लबचे एक चालक विल्यम मॅकग्रेगर यांनी २ मार्च १८८८ रोजी काही क्लबांना पत्र लिहून सुचवले, की ठरावीक क्लबांनी दरवर्षी एकमेकांच्या मैदानावर जाऊन नक्की खेळावे. त्यातून बारा क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली. सहा क्लब लँकेशायरचे, सहा मध्य इंग्लंडचे. लंडनचा एकही नव्हता. ८ सप्टेंबरला सामने सुरू झाले. गंमत अशी, की विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण हा नियम हंगाम सुरू झाल्यावर नोव्हेंबरात ठरला. खेळ आधी, हिशेब नंतर.

पहिल्या तालिकेच्या शिरोभागी प्रेस्टन नॉर्थ एंड होता : २२ सामने, १८ विजय, ४ बरोबरी, पराभव एकही नाही. त्याच वर्षी त्यांनी एफ. ए. चषकही एकही गोल न स्वीकारता जिंकला. पुढच्या वर्षी लीग पुन्हा त्यांचीच. त्यानंतर मात्र आजतागायत नाही.

तालिकेला खालची बाजूही होती. तळाच्या चार क्लबांना पुढच्या वर्षासाठी इतरांची मते मागावी लागत. १८९२ साली दुसरा विभाग निघाला आणि वर-खाली होण्याची वाट तयार झाली. या बारा क्लबांत ॲक्रिंग्टन नावाच्या छोट्या गिरणीगावाचा क्लब होता. १८९३ साली तो सोळांत पंधरावा आला, शेफिल्ड युनायटेडशी झालेला निर्णायक सामना एका गोलने हरला. दुसऱ्या विभागात खेळण्याऐवजी त्याने लीगच सोडली. तीन वर्षांत क्लब संपला.

त्याच गावातला ॲक्रिंग्टन स्टॅन्ली हा निराळा क्लब १९२१ साली लीगमध्ये आला. त्याला कर्जाने गाठले. मार्च १९६२ मध्ये, हंगाम चालू असताना, त्याने राजीनामा दिला. मग विचार बदलून तो परत मागितला, पण लीगने तो दिला नाही. खेळलेले ३३ सामने नोंदीतून पुसले गेले. १९६६ साली क्लब बंद पडला.

आता प्रेस्टनकडे पाहा. तो उतरत उतरत चौथ्या विभागात गेला. १९८६ साली चारही विभागांच्या ९२ क्लबांत तो ९१ वा होता. एकेकाळच्या अजिंक्य संघाने हात जोडून मते मागितली, ती मिळाली, आणि पुढच्याच वर्षी तो वरच्या विभागात चढला. पहिल्या ॲक्रिंग्टनला जी ओळ अपमानाची वाटली, तिच्याहून कितीतरी खालची ओळ प्रेस्टनने पत्करली. म्हणून तो क्लब आज आहे.

ॲक्रिंग्टनच्या लोकांनीही अखेर तीच वाट धरली. १९६८ साली त्यांनी स्टॅन्ली पुन्हा उभा केला, तो लीगबाहेरच्या अगदी खालच्या पायरीवर. चढायला ३८ वर्षे लागली. २००६ साली तो लीगमध्ये परतला. १९६२ साली त्याची रिकामी जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली होती. त्याच २००६ साली ऑक्सफर्ड लीगबाहेर पडला. चार वर्षांनी तोही परत आला.

रोग्याला मी नेहमी विचारतो, दुखणे कधीपासून? क्लबांच्या बाबतीत मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटू लागला आहे : खाली आल्यावर पुढच्या शनिवारी मैदानात कोण होते? ॲक्रिंग्टनच्या त्या काळच्या कापडगिरण्या गेल्या. क्लब उरला, कारण हरणाऱ्या संघासाठी तिकीट काढणारी माणसे गावात होती. गुणतालिकेत या माणसांचा रकाना नसतो. त्यांची नोंद इतिहासाने ठेवावी, एवढ्यासाठी हे दोन शब्द.