यंत्र कुणाच्या खांद्यावर?

जुन्नरच्या डोंगरांत दीडशेहून जास्त बौद्ध लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचाही उल्लेख आहे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या कारागिराची नोंद दगडावर चढत होती. पण तीच माणसं राबताना काय गात होती, ते दगड सांगत नाही. दगडाला कान नाही. आवाज जपायला यंत्र लागतं. आणि यंत्र आलं की सवाल येतो, ते कुणाच्या दारात जातं आणि कुणाचं दार ओलांडून पुढं निघून जातं?

दोस्तहो, खिशातले पैसे मोडून रेकॉर्डर घ्यायच्या आधी हा इतिहास ठाऊक पाहिजे.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा गैसबर्ग कलकत्त्याला उतरला आणि या देशात तबकड्यांचा धंदा सुरू झाला. यंत्र जड. गाणाऱ्याने यंत्राकडं जायचं, कर्ण्यात तोंड घालून मोठ्यानं गायचं, आणि तीनेक मिनिटांत आटपायचं. आता नारायणगावचा तमाशा घ्या. गण, गवळण, बतावणी, लावणी, वग, सगळी रात्र जाते. ती तीन मिनिटांत कशी मावणार? मावते ती एक लावणी. मागं उभा राहून तुणतुणं वाजवणारा, झील धरणारा, हलगीवाला, सोंगाड्याचा हजरजबाब, हे सगळं तबकडीच्या काठावरून खाली सांडतं. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या फडाच्या नावातच जात आणि गाव दोन्ही होतं. विठाबाई (१९३५–२००२) त्याच घरातल्या. नाव मोठं झालं ते तिचं. साथीला जन्म घालवलेल्या किती जणांची नावं आपल्याला सांगता येतील?

तबकडीचा दुसरा वापर सरकारनं केला. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीसाठी १९१३ पासून हिंदुस्थानातल्या बोली तबकड्यांवर घेतल्या. पुष्कळांच्या तोंडी बायबलातल्या उधळ्या पोराची एकच गोष्ट दिली. आवाज आपला, गोष्ट साहेबाची.

मग यंत्र खांद्यावर आलं. १९५१ साली स्वित्झर्लंडमध्ये कुडेल्स्कीनं नाग्रा काढलं. त्याच्या पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘तो ध्वनिमुद्रण करील’. कोण करील? ज्याला परवडेल तो. १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली आणि पुढच्या वीस वर्षांत यंत्र चाळीत, वस्तीत पोचलं. भीमगीतं गावोगाव गेली ती या कॅसेटवर. पण स्वस्त यंत्राची खोड सांगतो. टेप सेकंदाला पाच सेंटिमीटरसुद्धा पळत नाही, त्यामुळं सरसर मागं राहते. सेल उतरले की भरताना टेप हळू पळते, आणि नंतर वाजवताना बाईचा आवाज पोरीसारखा चिरका येतो. आतला माइक मोटारीची घरघरही ऐकतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपोआप आवाज सांभाळणारी सोय. हलगी कडाडली की यंत्र घाबरून सगळंच दाबतं, म्हातारी हळू गायला लागली की आजूबाजूचा गोंगाट वर उचलतं. हलगी आणि म्हातारी यांच्यातलं अंतर म्हणजेच तर संगीत. ते यंत्रानं सपाट करून टाकलं.

यंत्र नीट दारात गेलं की काय होतं, त्याचा दाखला पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी दिला. त्यांनी सोबत्यांसह महाराष्ट्रभरच्या जात्यावरच्या एक लाखावर ओव्या जमवल्या. नव्वदीच्या दशकात बर्नार बेल यांनी शंभर तासांहून जास्त आवाज मुद्रित केला. १९९६ साली बीड जिल्ह्यात माजलगावला बाया बाबासाहेबांवर ओव्या गायल्या, त्या गाणाऱ्यांच्या नावासकट आज ऐकता येतात. शाळा न पाहिलेल्या बायांनी लिहिलेला तो चळवळीचा इतिहास आहे.

आणि इकडं? ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याचं नाव पडलं, ते जुनं आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव उठलं की जातं उठतं. पिठाची गिरणी आल्यावर उरलंसुरलंही थांबलं. ज्यांच्या गळ्यात ओवी आहे त्या बाया आता म्हाताऱ्या आहेत. त्या थांबणार नाहीत.

म्हणून यंत्र निवडताना जाहिरात बघू नका, हा इतिहास बघा. झूम, टॅस्कॅम, नाव कुठलंही चालेल. बाजारात मिळणाऱ्या साध्या सेलवर चालतं का ते बघा, कारण वाडीवर वीज जाते. आपोआप आवाजाची सोय बंद करता येते का ते बघा. नवी यंत्रं ३२-बिट फ्लोटमध्ये भरतात, त्यात हलगी आणि म्हातारी दोन्ही शाबूत राहतात. एमपी३ नको, वेव्ह ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला तासाला साधारण १ जीबी लागतो, पण एमपी३ जे कापून टाकतं ते परत येत नाही. नाणेघाटाकडं वारा माइक खातो, म्हणून माइकला केसाळ टोपी घ्या. यंत्र हातात धरू नका, खाली फडकं घालून ठेवा. गाणारणीपासून दोनेक हातांवर.

आणि बटण दाबण्याआधी तिला विचारा. पहिलं तिचं नाव तिच्याच तोंडून भरून घ्या, मग गाव, मग तारीख. झील धरणाऱ्यांचीही नावं घ्या. एक प्रत तिच्या घरी द्या, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एवढं केलं नाही तर आपणही तेच केलं, आवाज घेतला आणि माणूस दारात सोडला.

यंत्र आता मूठभर झालंय. वजनाची सबब उरलेली नाही.